ढोबळ वजन

तांबो केमादोला पहाटे शाई गोठते.
एउलालिया कोल्के पेन काखेत धरून बसते
तापलेल्या पोराला थर्मामीटर लावावा तशी,
आणि ऊब धरली की लिहायला घेते:
माल किनोआ, पांढरा, धुतलेला.
पोती सातशे वीस.
निव्वळ वजन अठरा हजार किलो.
उगम बोलिव्हिया.
बंदर आरिका.

बंदर दुसऱ्याच्या देशात आहे.
आपल्याकडे आरमार आहे, आरमाराचा बँड आहे,
मार्चमध्ये एक दिवस भाषणंही होतात,
समुद्र तेवढा नाही.
अकरा वर्षं ती त्याच रकान्यात
समुद्रकाठच्या गावाचं नाव लिहितेय.
स्पेलिंग कधी चुकलेलं नाही.
गाव पाहिलेलं नाही.

फ्लोरेन्सियो आपासा खिडकीशी उभा.
गालात कोकाच्या पानांचा गोळा,
पिशवीत बीजक, पॅकिंग यादी, उगमाचा दाखला,
लाकडाला धुरी दिल्याचा दाखला,
आणि तो दाखला खरा असल्याचा दाखला.
एकावर रश्शाचा डाग पडलाय,
तोही शिक्क्यासारखा गोल.

"चाळीस किलो जास्त भरतंय," काट्यावरचा पोरगा ओरडतो.

ती पुन्हा बेरीज करते.
ढोबळ वजनात सगळं धरायचं असतं:
गोणपाट, सुतळी, पॅलेटचं लाकूड,
लाकडानं प्यालेली ओल.
धरलंय सगळं. तरी चाळीस उरतात.
चाकांचा चिखल म्हणावं,
तर ऑगस्टमध्ये इथे थुंकीसुद्धा जमिनीवर दगड होऊन पडते.

ती विचारत नाही.
तो बुटांकडे बघतो.
मग म्हणतो, चुन्यो आहे. घरचा.
जूनच्या थंडीत उघड्यावर गोठवलेले बटाटे,
त्याच्या बायकोने पायांनी तुडवलेले, उन्हात वाळवलेले.
मुलगी आरिकाला ऑलिव्ह निवडते,
बाळंत झालीय,
म्हणते, इथल्या बटाट्याला बटाट्याची चव नाही.

'व्यावसायिक मूल्य नाही' असा एक शेरा असतो.
एउलालियाला सगळ्या फॉर्मवरचा तो सर्वांत आवडतो.
नमुन्याच्या चिंध्यांवर लिहितात, मेलेल्यांच्या कपड्यांवर लिहितात.
पण हा तर कंद.
पलीकडच्यांना कीड नसल्याचा कागद हवा,
कागद ओरुरोत, चार तासांवर,
आणि आज शनिवार.

पोतं उतरलं.
काटा मुकाट्याने कागदाशी जुळला.
चार ठिकाणी ठोकला शिक्का, पाचव्या ठिकाणी सही,
आणि दोन्ही ज्वालामुखींच्या मधून
ट्रक उताराला लागला
साडेचार हजार मीटर खाली,
तिथे म्हणतात हवा इतकी दाट
की माणसाला फुकटची झोप येते.

पोतं तिच्या टेबलाखाली.
दिवसभर पाय त्यावर टेकवून तिने
जस्ताचे, लाकडाचे, अल्पाका लोकरीचे
कागद पुढे ढकलले.
संध्याकाळी अधिकारी म्हणाला, शिजवून टाकू की,
रश्श्यात छान लागतो.
ती म्हणाली, हा माल निर्यातीचा आहे.
तो हसला. ती नाही.

सोमवारी ओरुरोला रांगेत उभी राहिली.
कीड नसल्याचं सिद्ध व्हायला दोन दिवस लागले,
फी पोत्याच्या तिप्पट.
खिडकीतल्या बाईने विचारलं, एकच पोतं?
एकच.

बुधवारी रात्री कोरा फॉर्म काढला.
निर्यातदार: फ्लोरेन्सियो आपासा.
घेणार: त्याची मुलगी.
निव्वळ वजन एकोणचाळीस किलो सहाशे ग्रॅम,
ढोबळ चाळीस.
बंदर
इथवर हात आपोआप चालला.
मग मूल्याचा रकाना आला.
आवडता शेरा लिहायला तिने पेन टेकवलं,
उमटलं नाही.

खोलीत थंडी होती हे खरंच.
तिने पेन काखेत धरलं
आणि बराच वेळ तशीच बसून राहिली,
ऊब येऊन गेल्यावरही.